चौदा घरांचा पत्ता

आदरणीय कोन्सोर्सिया मावशी यांस,

तुमची भाची निकानोरा हिचा नमस्कार. तुमचा उजवा हात हातात घेऊन कपाळाला लावला आहे असं समजावं. टपालाने याहून जास्त जमत नाही. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी तुम्हाला जिने चढू नका असं सांगितलं आणि तुम्ही उलट त्यांनाच त्यांच्या दवाखान्याच्या अरुंद जिन्यावरून अर्धा तास फैलावर घेतलं, हे सेबूहून आलेल्या मामेबहिणीकडून कळलं, आणि तुमची प्रकृती ठणठणीत असल्याची खात्री पटली. आमच्याकडे सगळे बरे आहेत. ह्यांचा खोकला तसाच आहे. तो सिगारेटमुळे नसून माझ्या नोकरीमुळे आहे, हे त्यांचं मतही तसंच आहे. तुम्ही पाठवलेला सुक्या आंब्यांचा डबा पोचला. तो मी कपाटात कुलूप लावून ठेवला होता, तरी तीन दिवसांत संपला. कोणी संपवला हे घरात अजून कोणी कबूल केलेलं नाही, आणि मीही करणार नाही.

मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं, की एवढी वर्षं सरकारी नोकरीत आहेस, पण नेमकं करतेस काय ते मला शेजाऱ्यांना सांगता येत नाही. तर असं सांगावं: वादळ, पूर आणि समुद्र यांच्यापायी माणसं मरू नयेत म्हणून सरकार गावांना अनुदान देतं, आणि त्या अनुदानाचं गावाने खरंच काय केलं हे बघत तुमची भाची तेवीस गावं हिंडते. (शेजाऱ्यांना एवढं पुरे. पुढचं फक्त तुमच्यासाठी.) गावकरी अनुदानाचं काय काय करतात हे बघितलं की माणूस सरकारवरही चिडत नाही आणि गावावरही चिडत नाही, नुसता मान हलवायला शिकतो. एका गावाला आम्ही वादळाची सूचना देण्यासाठी मोठा कर्णा दिला. तो गावजत्रेतल्या गाण्याच्या स्पर्धेत सलग चार दिवस वाजत होता. मी जाब विचारला तर म्हणाले, "मॅडम, म्हणून तर तो चालू आहे. शेजारच्या गावाने कपाटात ठेवला, त्यांच्या कर्ण्यात उंदरांची बाळं झाली." मी शेजारच्या गावात जाऊन बघितलं. खरंच झाली होती. दुसऱ्या एका गावाने 'लाट आली तर इकडे पळा' असे बाण रंगवून रस्त्याच्या कडेला लावले, ते सगळेच्या सगळे समुद्राकडे तोंड करून. तिथले गावप्रमुख कप्तान माझी समजूत घालत म्हणाले, "काळजी करू नका मॅडम, गावातल्या प्रत्येकाला माहीत आहे की उलटीकडे पळायचं." मी तो बाणांचा गठ्ठा उपटून जीपमध्ये टाकला आणि पुढच्या आठवड्यात स्वतः उभी राहून पुन्हा लावून घेतला. लोक माझ्यामागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. त्यातला 'चिवट' हा सगळ्यात सभ्य शब्द आहे, आणि तो मला मान्य आहे.

आता ज्या गावाने या वर्षी माझी झोप उडवली त्याची हकीकत ऐका. गावाचं नाव सध्या लिहीत नाही, कारण कागद अजून विभागप्रमुखांच्या टेबलावर आहेत. या गावात अगदी वाळूवर, भरतीच्या रेषेपासून दगड टाकावा एवढ्या अंतरावर, कोळ्यांची चौदा घरं होती. बांबूची, झावळ्यांच्या छपराची. मोठं वादळ आलं तर ती चौदा घरं आणि त्यातली एकोणसाठ माणसं पहिल्या लाटेला जाणार, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. म्हणून योजना अशी ठरली, की ही घरं दोन किलोमीटर आत टेकडीवर हलवायची. जागा सपाट करून द्यायची, प्रत्येक घराला पत्रे आणि लाकूड द्यायचं, आणि चौदाच्या चौदा कुटुंबं तिथे राहायला गेलेली दिसली की अनुदानाचा दुसरा हप्ता सोडायचा. त्या हप्त्यातून वादळात टिकेल असा पक्का निवारा बांधायचा. लोक हलले नाहीत, तर उरलेलं अनुदान परत, आणि पाच वर्षं गावाला काही नाही. टेकडी कोणी निवडली असं विचाराल, तर माझ्याच टेबलावर नकाशा पसरला होता आणि पेन्सिलीने गोल मीच काढला होता. फार सुंदर गोल होता तो, मावशी.

मार्चमध्ये मी दुसऱ्या आणि शेवटच्या तपासणीला गेले. नियमाप्रमाणे दहा दिवस आधी सूचना दिली होती. टेकडीवर चौदा घरं ओळीने उभी! चुलीतून धूर निघतोय, दोरीवर कपडे वाळताहेत, कोंबड्या माझ्या पायात येताहेत, एका घरात तर भिंतीवर संत व्हिन्सेंटची तसबीर आणि तिच्यापुढे ताजी फुलंसुद्धा होती. गावचे कप्तान ताकियो (तिसऱ्यांदा निवडून आलेले, पोट आणि आवाज दोन्ही मोठे) मला घरोघर फिरवत होते आणि प्रत्येक दारात "सुखी आहेत मॅडम, सुखी आहेत" असं घरमालकाच्या वतीने सांगत होते. ज्या घरात तसबीर होती तिथल्या आजी तेवढ्या काही बोलल्या नाहीत. ऐंशी उलटलेल्या, पाठीत वाकलेल्या, पण नजर अशी, की मी तिच्यापुढे नकळत बूट काढून उभी राहिले. मी चौदा फोटो काढले, चौदा ठिकाणी सही केली, डुकराचं भाजलेलं मांस आणि तांदळाचा केक पोटभर खाल्ला, आणि माझ्या नोकरीत एक तरी काम ठरल्याप्रमाणे झालं म्हणून मनात देवाचे आभार मानले. तिथून मी डोंगराच्या रस्त्याने पुढच्या गावाला जाणार होते.

पण आमचा ड्रायव्हर तेबान याला बायकोसाठी सुकी मासळी घ्यायची होती, ती मिळते समुद्राच्या रस्त्याला. त्याने मला न विचारताच जीप तिकडे वळवली. (त्याची बायको आणि मी यांच्यात तो जास्त कोणाला घाबरतो, हे त्या दिवशी कळलं.) वळण घेतलं आणि जीप थांबली, कारण पुढे रस्त्यात एक घर चाललं होतं. खरं सांगते, चाललं होतं. खाली बांबू बांधलेले, बांबूंना वीस-बावीस पुरुषांचे खांदे, आणि वर छपरासकट, दोरीवरच्या कपड्यांसकट सबंध घर समुद्राकडे निघालेलं. घरं खांद्यावरून नेणं आपल्याला काही नवीन नाही, आजोबांचं घर तसंच दोनदा हललं म्हणतात, पण मी ज्या घरासमोर तासाभरापूर्वी सही केली ते घर माझ्या पुढे चालताना मी प्रथमच बघत होते. त्याच्या पुढे आणखी एक घर होतं, आणि त्याच्याही पुढे एक. तेबानने सवयीने हॉर्न वाजवला. तर ते घर शहाण्यासारखं रस्त्याच्या कडेला झालं आणि त्याने जीपला वाट दिली! खिडकी माझ्या बाजूला आली. आत चुलीशेजारी, भाताचं पातेलं दोन पायांत घट्ट धरून, त्या तसबिरीवाल्या आजी बसल्या होत्या. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला. हातात माझी छत्री होती.

"बरं झालं भेटलात," त्या म्हणाल्या. "विसरला होतात."

घराखालून कप्तान ताकियोंचा आवाज आला. चेहरा दिसत नव्हता, पोट दिसत होतं. "मॅडम, तुम्ही तर डोंगराच्या रस्त्याने जाणार होतात ना?" जणू चूक माझीच होती.

तिथेच वाळूवर बसून मी सगळ्यांची हजेरी घेतली. कप्तानांनी काही लपवलं नाही. माझी सूचना आली की दोन दिवस आधीपासून घरं वर न्यायची, आणि मी जेवून निघाले की खाली आणायची, असं हे दुसऱ्यांदा चाललं होतं. त्यांची तक्रार वेगळीच होती. ज्याचं घर उचलायचं त्याने उचलणाऱ्यांना जेवू घालायचं हा रिवाज, म्हणजे एका तपासणीला अठ्ठावीस जेवणं. "आम्ही सुरक्षित नाही झालो मॅडम, नुसते जाड झालो." शिवाय मी दिलेल्या पत्र्यांमुळे घरं जड झाली होती. आधी सोळा माणसांत उचलायची, आता बावीस लागत होती. पूल अरुंद, घर मावत नाही, म्हणून प्रत्येक वेळी ओढ्यातून जायचं. त्यामुळे काहींनी पत्रे काढून ठेवले होते, फक्त तपासणीपुरते वर घालत होते. एवढी मेहनत, एवढा नियोजनबद्ध कारभार, मावशी! माझ्या कार्यालयात एक कपाट चौथ्या मजल्यावरून तिसऱ्यावर न्यायला सात महिने लागले होते.

मी परत गेले आणि विभागप्रमुखांना सांगितलं, माझी सही रद्द करा. ते म्हणाले, "घरं होती की नव्हती?" होती. "मग सही बरोबर आहे." आता नाहीत म्हटलं. तर म्हणाले, "आता, असा रकाना फॉर्ममध्ये नाही." मी म्हटलं, वादळ फॉर्म वाचून येत नाही. त्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. ते चष्मा पुसायला लागले की समजावं, भेट संपली. मी तिथल्या तिथे ठरवलं, की पावसाळ्याच्या वादळांआधी ती माणसं वाळूवरून हलवीन आणि पुन्हा वाळूवर येऊ देणार नाही, मग फॉर्ममध्ये रकाना असो नसो. त्या दिवसापासून दर शनिवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, माझ्या पैशाने, मी त्या वाळूवर जाऊन बसू लागले. (ह्यांचा खोकला वाढला तो तेव्हापासून.)

पहिल्या शनिवारी मी लाटा किती उंच येऊ शकतात ते समजावलं. लोकांनी ऐकून घेतलं आणि मला तळलेले मासे दिले. दुसऱ्या शनिवारी मी ओरडले. तेव्हाही मासेच दिले, पण जरा मोठे. तिसऱ्या शनिवारी आजी म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही एक टोपली मासे घेऊन टेकडी चढून दाखवा. चढलात तर माझं घर मी आज वर नेते, आणि परत आणत नाही." सगळा गाव बघत होता. मी पदर खोचावा तसं कार्यालयाचं जाकीट कमरेला बांधलं, टोपली डोक्यावर घेतली आणि निघाले. तेबान मागे जीप घेऊन येतो म्हणाला, त्याला आजींनी हाकलून दिलं. अकरा वाजता निघालेली मी साडेबाराला वर पोचले. मासे वास मारायला लागले होते, मासे आणि मी यांच्यात फारसा फरक उरला नव्हता, पण पोचले! आजी कोणाचाही हात न धरता माझ्यामागून चालत आल्या होत्या, आणि त्यांना धापसुद्धा लागली नव्हती.

"चढलात," त्या म्हणाल्या. "मी शब्द पाळते. पण आता मागे वळून बघा आणि सांगा, इथून समुद्र दिसतो?"

नव्हता दिसत. मधे दुसरी टेकडी येत होती, जी माझ्या नकाशावर एक बारीक तपकिरी रेघ होती.

"माझा नवरा समुद्रात गेला, थोरला मुलगाही. धाकटा रोज जातो. तो समुद्र काय करतोय ते मला दिसायला लागतं. नाही दिसलं तर मला झोप येत नाही."

मावशी, मी फॉर्म भरायला शिकलेली बाई. या वाक्याचं काय करायचं ते मला कोणी शिकवलं नव्हतं. मला लाज वाटली, हे तुमच्याजवळ मान्य करते. आजींना मी शब्दातून मोकळं केलं आणि आम्ही दोघी उतरलो. मासे वाटेतल्या कुत्र्यांनी खाल्ले.

तेव्हापासून मी जवळची जागा शोधू लागले: उंच हवी, आणि समुद्र दिसायला हवा. शोधायला फार लागलं नाही. गावच्या दगडी चॅपेलमागे एक उंचवटा आहे, किनाऱ्यापासून तीनशे पावलं, वर नारळाची जुनी बाग. मी समुद्राच्या पातळीपासून उंची मोजली. टेकडीएवढी नाही, पण लाटेला पुरून उरेल अशी. तिथे उभं राहिलं की होड्या नुसत्या दिसत नाहीत, कोणत्या होडीत कोण बसलंय ते ओळखू येतं. बागेचे मालक गावात राहत नाहीत, अकरा वर्षांत फिरकलेले नाहीत, आणि स्वभावाने कडक आहेत असं सगळे सांगत होते. त्यांना पत्र लिहायचं मी दोनदा मनावर घेतलं आणि दोन्ही वेळा कागद समोर ठेवून चहा पिऊन उठले. माझ्यासारख्या चिवट बाईचं असं झालं, यावरून मालकांच्या कडकपणाची कल्पना यावी.

मी तिसऱ्यांदा कागद घेण्याआधी वादळ आलं. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, या दिवसांत येऊ नये असं. सकाळी सूचना आली, दुपारी मोठी लाट येणार. मी आणि तेबान जीप पळवत आठ वाजता गावात पोचलो. ओढा आधीच दुथडी भरला होता, म्हणजे टेकडी बंद. मी सगळ्यांना चॅपेलमध्ये चला म्हणून ओरडले. बायका, मुलं, म्हातारे निघाले. पुरुष निघेनात. हे नेहमीचं आहे, मावशी. आमच्या कागदांत ते 'सूचना न मानणारे' म्हणून नोंदवले जातात आणि वादळानंतर त्यांची नावं दुसऱ्या यादीत जातात. घर म्हणजे त्यांची जन्माची कमाई. वाऱ्याने छप्पर उचललं तर धरायला कोणीतरी हवं, म्हणून ते मागे राहतात. कप्तान ताकियो हात जोडत होते, धमक्या देत होते, एकाच्या पाठीत गुद्दाही घातला. आजींचा धाकटा मुलगा दाराचा खांब धरून उभा. "घर सोडून नाही येत मॅडम. आईला न्या."

आणि माझं डोकं फिरलं. मी अशी ओरडले, की तो उंदरांवाला कर्णा असता तरी लागला नसता. "घर सोडून येत नाही ना? मग घर घेऊन ये! माझ्या तपासणीसाठी दोन किलोमीटर नेता येतं, आणि जीव वाचवायला तीनशे पावलं नेता येत नाही?"

मग कप्तान ताकियो म्हणाले, "बांबू कुठे आहेत रे?"

पहिलं घर आजींचं. मी डाव्या बाजूच्या तिसऱ्या बांबूला खांदा दिला, माझ्यामागे तेबान. (नियमात देखरेख अधिकाऱ्याने प्रकल्पाच्या कामात स्वतः भाग घेऊ नये असं स्पष्ट लिहिलं आहे. मी तो नियम ज्या दिवशी वाचला होता त्या दिवशी पाऊस नव्हता.) वाऱ्याने घर होडीसारखं हेलकावत होतं, पायाखालची वाळू सरकत होती, आणि कप्तान "उजवी बाजू, उजवी बाजू!" म्हणून ओरडत होते, जी दर वेळी डावी निघत होती. पाच घरं गेली, मग नऊ, मग चौदा. अडीच तास. नारळाच्या बुंध्यांना होडीच्या दोरांनी घरं बांधली, होड्या त्यांच्यामागे ओढल्या, आणि सगळे चॅपेलमध्ये शिरलो. तिथे आजींनी तोवर दोन मोठ्या भांड्यांत भात आणि सुके मासे शिजवून ठेवले होते. चौदा घरं उचलली, तर चौदा जेवणं द्यायला हवीत, ती एकाच पंगतीत उरकली. बाहेर समुद्र चॅपेलच्या पायरीपर्यंत आला. पुरुष दोनदा बाहेर जायला उठले, दोन्ही वेळा आजींनी हातात डाव घेऊन दार अडवलं. "आधी जेवण. रिवाज मोडायचा नाही."

दुपार उलटल्यावर वारा पडला. आम्ही बाहेर आलो तेव्हा जिथे चौदा घरं होती तिथे वाळूच नव्हती, नुसतं पाणी. बागेतल्या चौदापैकी दोन घरं आडवी झाली, तीन घरांच्या पत्र्यांवर नारळ पडून भोकं पडली. पण माणसं मोजली, एकोणसाठ. पुन्हा मोजली. तेवढीच. कप्तान ताकियो रडत होते आणि डोळ्यांत वाळू गेली म्हणत होते. दोन दिवसांनी ओढा उतरला आणि मी टेकडीवर गेले. माझा पेन्सिलीचा गोल जिथे होता तिथे निम्मी टेकडी खाली घसरली होती, आणि सपाट केलेल्या जागेवर कमरेएवढा चिखल होता. लोकांनी माझं ऐकलं असतं, तर ते त्या चिखलाखाली असते. मी तिथे उभी राहून रडले, मावशी, आणि माझ्या डोळ्यांत वाळू गेलेली नव्हती.

मी अहवालात सगळं खरं लिहिलं: टेकडी मी चुकीची निवडली, मार्चची सही मी फसले म्हणून केली, आणि माणसं वाचली ती त्यांच्या खांद्यांमुळे. विभागप्रमुखांनी या वेळी चष्मा पुसला नाही. बराच वेळ वाचत बसले आणि म्हणाले, "जागा बदलायला मंजुरी मिळवून देतो. पण नव्या जागेच्या मालकाची लेखी संमती तीस दिवसांत हवी. नाहीतर अनुदान परत जाईल, आणि लोक पुन्हा वाळूवर." त्यातले बारा दिवस संपले आहेत. जुलैपासून वादळांची रांग लागते ती नोव्हेंबरपर्यंत, आणि दर वेळी अडीच तास मिळतील असं नाही. मी ठरवलं आहे, की निवारा याच वर्षी आणि त्याच उंचवट्यावर उभा राहील. आता माघार नाही.

असं सगळं चाललं आहे. हे पत्र केवळ तुमची खुशाली विचारावी आणि आमची कळवावी म्हणून लिहिलं. काही मागायचं नाही. गुडघ्याला गरम तेल लावत जा, आणि डॉक्टरांनाही मधूनमधून बोलू द्या. घरातल्या सगळ्यांचा तुम्हाला नमस्कार.

तुमची आज्ञाधारक भाची,
निकानोरा

ता.क. गावाचं नाव पुंता बिलाओ. चॅपेलमागची नारळाची बाग आजोबांनी तुमच्या नावावर केली होती, ती. चौदा घरं सध्या तुमच्या जमिनीवर आहेत.

ता.क. २. अनुदानातून जमीन विकत घेता येते, पण देखरेख अधिकाऱ्याच्या नातेवाइकाची नाही, असा नियम आहे आणि तो योग्य आहे. मालक दुसरं कोणी असतं तर त्यांना चांगली किंमत मिळाली असती. तुम्ही माझ्या मावशी असल्यामुळे तुम्हाला ती फुकट द्यावी लागेल. याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. दानपत्र सोबत जोडलं आहे. सही कुठे करायची तिथे लाल शाईने फुली केली आहे, चुकू नये म्हणून तीन फुल्या. बागेचे नारळ तुमचेच राहतील. कप्तानांनी तसं लिहून दिलं आहे. (पत्र्यांवर पडलेले नारळ मात्र लोकांनी खाल्ले.)

ता.क. ३. जागा बदलायच्या अर्जात 'मालकाची संमती' या ओळीपुढे मी खोटं लिहिलेलं नाही. 'मागितली आहे' असं लिहिलं आणि कालची तारीख घातली. म्हणून हे पत्र आजच टाकते आहे.

ता.क. ४. त्या आजी म्हणजे पुरिंग. तुम्ही दोघी एका बाकावर बसायचात आणि बागेच्या कुंपणावरून तुमचं जे भांडण झालं त्याला छप्पन्न वर्षं झाली, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. वारा पडल्यावर बाहेर येऊन आपलं घर कोणाच्या बागेत ठेवलं आहे ते त्यांनी बघितलं, तेव्हा त्या परत वाळूवर निघाल्या होत्या. मी आणि त्यांचा मुलगा दोघांनी मिळून थांबवलं. आता त्यांनी तुम्हाला निरोप दिला आहे, तो शब्दशः लिहिते: "कोन्सोर्सियाला सांग, नाही म्हणायचं असेल तर कागदावर म्हणू नकोस. इथे ये, माझ्या दारात बस, माझ्या हातचा भात खा, आणि मग माझ्या तोंडावर नाही म्हण. मी ऐकून घेईन आणि घर उचलीन." हे सांगताना त्या समुद्राकडे बघत नव्हत्या, बोटीच्या धक्क्याकडे बघत होत्या. सेबूची बोट मंगळवारी आणि शुक्रवारी येते. दोन्ही दिवशी आम्ही दोघी धक्क्यावर असू.